चाळणीखालचा ओक

शैलाताई, तुमच्या वन्सं काल आल्या होत्या. एकट्याच.

रानात तुमच्या चाळणीपाशी उभ्या होत्या. मी जवळ गेले तरी हलल्या नाहीत. पुढचं सांगतेच, पण आधी आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय ते पुरं करू द्या. तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडून देईन असं वाटलं असेल, तर तुम्ही मला ओळखलंच नाही.

तुमची मुग्धा म्हणते, "आई, असं लिहिलंत तर लोकांना वाटेल खरंच कुणाची नणंद आली." तर सांगून टाकते. वन्सं म्हणजे हरणी. इथे परदेशात, एनिस गावाबाहेर, आपल्या पोरांचं घर वसाहतीच्या अगदी टोकाला. मागे दगडी गडगा, गडग्यापलीकडे शेजारच्या म्हाताऱ्या डोनलचं कुरण, त्याच्यामागे ओकचं रान. तुम्ही मेथीचे दाणे कुंडीत पेरलेत, रोज पाणी घातलंत, आणि भाजीला येईल म्हणेपर्यंत एका सकाळी नुसती माती. उजवा कान फाटलेली हरणी गडग्यावरून मान काढून चावत होती, मागे तिची लेक. तुम्ही खिडकीतून म्हणालात, "न सांगता येतात, दिसेल ते खातात, आणि जाताना असं बघतात की जणू मीठ कमी होतं. या आमच्या वन्संच!" त्या दिवसापासून हरणी दिसली की मी ओरडायची, "शैलाताई, वन्सं आल्या, पाट मांडा."

आपण दोघी विहिणी. तुम्ही पुण्याच्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, अंड्याचा केकसुद्धा न खाणाऱ्या. मी जावळीतली, कोंबडी सोलण्यात हात बसलेली. माझ्या विक्रमने तुमची मुग्धा केली तेव्हा माझ्या भावकीत म्हणाले, आता तुझ्या घरात मटण शिजायचं बंद. कशाचं बंद! मुग्धाला दुसऱ्यांदा दिवस गेले म्हणून दोघींना बोलावलं, तर एकाच शेगडीवर तुमचं वरण आणि माझा रस्सा. फक्त तुमच्या डावाला तुम्ही लाल दोरा बांधून ठेवलेला. "माझा डाव तुमच्या पातेल्यात गेला तर मला गंगेला जावं लागेल, आणि इथून तिकीट फार आहे." मी म्हणायची, "शॅनन नदीत घाला की बुडकी." सकाळचा चहा मात्र एकाच भांड्यात. तो आता मी दोन कप टाकते आणि मग आठवतं.

तर भांडण. तुम्ही मला रानात नेलंत तो दिवस आठवतो का? पानं गळायला लागली होती. मी म्हटलं, "छान आहे हो, झाडलोट केल्यासारखं." तुम्ही तशाच उभ्या राहिलात, वर्गात मुलांपुढे राहत असाल तशा.

"सुमनताई, नीट बघा. इथे काय नाही?"

मी बघितलं. बराच वेळ काही कळेना. मग हळूहळू दिसायला लागलं. माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत एक पान नव्हतं, एक फांदी नव्हती. कुणी दोरी धरून कापावं तसं. त्याच्यावर हिरवं, त्याच्याखाली नुसते बुंधे. रानाच्या ह्या टोकाला उभं राहिलं की पार पलीकडचा रस्ता दिसत होता. रानातून असं आरपार दिसू नये हो. आणि झाडं सगळी म्हातारी. बोटाएवढं नाही, मनगटाएवढं नाही, मांडीएवढं नाही. एकही पोर नव्हतं त्या रानात.

आमचं जावळीतलं गाव आता असंच आहे. शाळेला कुलूप, ओसरीवर म्हातारी माणसं, दिवेलागणीला हाक मारायला कुणाचं लेकरू नाही. गेले की दोन दिवसांत परत फिरते. तसंच परत फिरावंसं मला इथे वाटलं, परक्या मुलखात, झाडांकडे बघून.

तेवढ्यात एक आवाज आला. कुणीतरी जमिनीखालून रिकामी ट्रंक ओढत नेतंय असा, थांबून थांबून. मी तुमचा हात धरला. तुमचाही गार होता, उगाच नाही म्हणू नका. डोनल मागून हसत आला. ऑक्टोबरात हरणांच्या नरांना बायका करायच्या असतात, तेव्हा ते असे कण्हतात म्हणाला. हसला तरी त्या आवाजाचं काही कमी झालं नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी ते कण्हणं ऐकू यायचं आणि आपण दोघी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

डोनलचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, निम्मं तुम्ही मराठी करून द्यायचात. बायको वारली, मुलं ऑस्ट्रेलियात, रान आजोबांपासूनचं. हरणं मारायचा परवाना आहे, पण आईने घातलेला नियम आहे की जे खाल्लं जाणार नाही ते मारायचं नाही. बायको होती तोवर ती रांधायची, शेजारीपाजारी वाटायची. ती गेली आणि खाणारं कुणी उरलं नाही. लोकांना दुकानातलं कोंबडीचं मांस बरं, हरणाचा वास नको. बंदूक कपाटात गेली. लांडगे इथले कधीच संपले, म्हणजे हरणांना धाक कुणाचाच नाही, मान पोचेल तिथवरचं सगळं खाऊन टाकतात. ओकचं फळ पडतं, वसंतात दोन पानं येतात, आणि पुढच्या हिवाळ्याच्या आत ती कुणाच्या तरी पोटात.

त्यातलं एक रोप तुम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात आला होतात तेव्हा वाचवलंत. मुग्धा सगळं स्वयंपाकघर धुंडाळत होती. "प्रेसमध्ये होती माझी स्टीलची चाळण, कुठे गेली?" आपली नात ईरा शांतपणे म्हणाली, "आजी पुट इट ऑन अ बेबी ट्री." इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि पुण्याच्या प्राध्यापिका भाजी निथळायची चाळण रानात रोपावर पालथी घालून वर दगड ठेवतात. काय हसलो होतो! पण यंदा आलात तेव्हा अख्ख्या रानात तेवढंच एक पोर जिवंत होतं, चाळणीखाली.

आणि मग तुम्ही म्हणालात, "सुमनताई, तुम्ही हरण रांधा."

मी म्हटलं, "तुम्ही? तुम्ही सांगताय मला हे?"

"मी सांगतेय. गावच्या हॉलमध्ये जेवण ठेवू. तुमच्या हातचं एकदा खाल्लं की लोक मागतील. लोकांनी मागितलं की डोनल बंदूक काढेल. तरच ही झाडं मोठी होतील."

"आणि तुम्ही काय करणार? नाकाला पदर लावून बसणार?"

"खाणार नाही. वाढीन. माझ्या डावाने वाढीन."

मी म्हटलं, बरं, एखादा नर आणू दे त्याला. तर तुम्ही लगेच मास्तरीण. "नर कमी करून काही होत नाही. माद्या कमी व्हायला हव्यात." आता नोव्हेंबरात माद्या म्हणजे बहुतेक सगळ्या गाभण. तिथे माझं डोकं फिरलं. मी पातेलं आपटलं आणि वर निघून गेले. दोन दिवस तुम्ही मला चिडकी म्हणालात. मग मी तुम्हाला कारण सांगितलं, जे मी विक्रमलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी लहान असताना आमच्या गावात पारध निघायची. तेव्हा चालायचं. जनावर पडलं की घरटी वाटा, आणि सगळ्यांच्या आधी पानावर एक तुकडा रानाच्या कडेला ठेवायचा, तो रानाचा वाटा. एका वर्षी पडलेलं भेकर चिरायला माझ्या वडिलांकडे, दादांकडे आलं. ते गाभण होतं. आईने चिरताना बघितलं, आणि तिलाही तेव्हा दिवस गेलेले. ते मूल राहिलं नाही. आजीने चुलीवर हात ठेवून सांगितलं, आजपासून लांब पायाचं जनावर, हरीण-भेकर, या चुलीवर चढणार नाही. नाही चढलं. आणि आज माझी सून पोटुशी असताना मी चढवू?

तुम्ही डावाचा दोरा सोडून पुन्हा बांधलात. मग म्हणालात, "ते दुःख होतं हो. दुःखाला कुणाचं तरी नाव हवं असतं."

"तुमच्याकडे दहाव्याला कावळ्याची वाट बघतात ना? तेव्हा कुठे जातं तुमचं शास्त्र?"

"बाहेर चपलांपाशी बसतं," तुम्ही म्हणालात, आणि आपण दोघी हसलो. पण भांडण तिथेच राहिलं.

त्याच आठवड्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात मी शेजारी बसले होते. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "चाळणीवर दगड नीट आहे ना?" मी म्हटलं, "आहे हो." तुम्ही म्हणालात, "डोनलला मी जेवणाचं हो सांगितलंय." मी म्हटलं, "घरी या, मग बघू." तुमच्या पोटात तोच एक प्रश्न असणार, आणि मी तो पुढे ढकलला. तुम्ही घरी आला नाहीत.

दहावा आपण घरामागेच केला. गुरुजी पुण्याहून फोनवर. मुग्धाला त्यांनी करू दिलं नाही, विक्रमने केलं. पत्रावळ नव्हती म्हणून कोबीच्या मोठ्या पानावर पिंड ठेवला, गडग्यावर. धुकं असं की कुरणाचा शेवट दिसत नव्हता. कावळ्यांना इथे तोटा नाही, तारेवर रांग लागली होती, पण एक खाली येईना. ओरडतसुद्धा नव्हते. नुसते बघत होते.

"शिवला का?" गुरुजी फोनवरून.

"नाही."

"इच्छा राहिली असेल. शब्द द्या त्यांना."

विक्रमने शब्द दिला, मुग्धाला जपेन. काही नाही. मुग्धा रडत म्हणाली, आई, ईराला मराठी बोलायला लावीन. ईरा म्हणाली, "आय विल, आजी, आय प्रॉमिस." ह्यावर तर कावळ्यांनी मान फिरवली. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा. आता इथे क्लेअर परगण्यात दर्भ कुठून आणायचा? सगळे माझ्याकडे बघायला लागले. फाटकापाशी डोनल चांगला कोट घालून उभा होता, तोही माझ्याकडेच बघत होता.

मी म्हटलं, "शैलाताई, मी रांधीन."

तारेवरचे कावळे एकदम उडाले. आणि धुक्यातून वन्सं आल्या, मागे लेक. दिवसाउजेडी, इतकी माणसं समोर असताना. सरळ गडग्यापाशी आल्या आणि पिंड खाल्ला. पान खाल्लं, तीळ चाटले. मान वर केली तेव्हा ओठाला शीत चिकटलं होतं, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. विक्रमकडे नाही, मुग्धाकडे नाही.

"शिवला का?" फोनवरून. गुरुजींनी पुन्हा विचारलं.

विक्रम नंतर म्हणाला, आई, कोबीचं पान होतं ते, हरणाला आवडतं. असेल. डोनलने मात्र टोपी काढून छातीवर क्रॉस केला होता. मी त्याच्यापाशी गेले आणि वन्संकडे बोट करून माझ्या इंग्रजीत सांगितलं, "नॉट दॅट वन. नेव्हर." तो म्हणाला, "नॉट दॅट वन." वचन दिल्यासारखं म्हणाला.

शैलाताई, तुम्ही हे काय केलंत? हरण रांधते असा शब्द दिला आणि तो हरणाच्या तोंडून पक्का झाला. तुम्ही हो म्हणालात, की नको म्हणालात? हेच तुमचं कायमचं. विचारावं एक, आणि तुम्ही उत्तरादाखल काहीतरी दाखवायचं.

मग एका सकाळी डोनल मांस घेऊन आला. त्याच्या थंड खोलीत टांगून ठेवलेलं, तपासलेलं. लहान होतं. मुग्धाच्या पोटाकडे त्याने एकदा बघितलं, म्हणजे तुम्ही त्यालाही माझं कारण सांगून ठेवलं होतं तर! मला म्हणाला, "या उन्हाळ्यात जन्मलेली मादी आहे. पोटात काही नाही. मी स्वतः पाहिलंय." मराठी करून द्यायला तुम्ही नव्हता तरी सगळं कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्याने माझी भीती आणि तुमचा हट्ट, दोन्ही सांभाळलं होतं.

मांस पिकल्या जांभळाच्या रंगाचं. चरबी नावाला नाही, म्हणून तूप सढळ घातलं आणि आच मंद ठेवली. सुकं खोबरं, तीळ भाजून घेतले, आमचा कांदा-लसूण मसाला अर्ध्यावर आणला, इथल्या माणसांना सोसवेल इतका. पातेल्यात पडल्यावर वास मटणाचा आला नाही. ओल्या पाल्याचा आला. रानातून आलात की तुमच्या बुटांना यायचा तोच. मी दोनदा मागे वळून बघितलं. तुम्ही दाराशी बूट काढत असाल असंच वाटलं. नैवेद्याचं करतात तसं केलं, मीठ चाखून बघितलं नाही.

हॉल भरला होता. आधी सगळ्यांनी बटाटेच घेतले. मग एक आजी म्हणाली, तिखट आहे का? मी म्हटलं, "लिट्ल." खोटं होतं. ती खोकली, पाणी प्याली आणि ताट पुढे केलं. मग ताटांची रांगच लागली. डोनल जेवताना बोलला नाही. शेवटी पातेल्याच्या कडा पावाने पुसून घेतल्या आणि म्हणाला, "ग्रँड." नंतर त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, खाणारे आहेत तोवर बंदूक कपाटात जाणार नाही. दोघीतिघींनी तिथेच मांस सांगून ठेवलं आणि मला कृती विचारली.

मी वाढलं ते तुमच्या डावाने. लाल दोरा तसाच ठेवून. तुम्ही वाढीन म्हणाला होतात ना? आता गंगा, शॅनन काय ते तुम्ही बघा. सगळ्यात शेवटी मी एक तुकडा खाल्ला. मुग्धा समोर बसून वरणभात खात होती, आणि माझं सगळं लक्ष तिच्या पोटाकडे. एवढ्या वर्षांनी आजीचा शब्द मोडला, तो तुमच्या भरवशावर. तिला सहावा लागलाय. जिथे असाल तिथून लक्ष ठेवा, मला फसवू नका.

एक तुकडा मी आधीच काढून ठेवला होता, रानाचा वाटा. तो घेऊन काल गेले. दुपार कलली होती, वारा नव्हता. नर कण्हायचे थांबलेत आता, रान अगदी गप्प आहे. लांबूनच दिसलं, तिथे लपायला आहेच काय! चाळणीपाशी वन्सं उभ्या.

मी इकडे तिकडे बघितलं. बुंध्यांमधून पार रस्त्यापर्यंत बघितलं. लेक कुठेच नव्हती.

आणि तेव्हा मला कळलं, शैलाताई. या उन्हाळ्यात जन्मलेली. पोटात काही नाही. मी बोट दाखवून आईला वाचवलं होतं, म्हणून त्याने शेजारची घेतली. त्याने माझा शब्द पाळला. मला एवढंच सुचलं नव्हतं की लहान आहे म्हणजे तिला आई असणार.

पानावरचा तुकडा माझ्या हातात होता. तो मी तिच्यासमोर कसा ठेवला ते माझं मला माहीत. तिने वास घेतला. मग मान फिरवून चाळणीकडे गेली. एका भोकातून तुमच्या ओकचं एक तपकिरी पान बाहेर आलं होतं, तेवढं तिने खुडून खाल्लं. मग नाकाने चाळण ढकलली. स्टीलवर दगड वाजला. पुन्हा ढकलली. आणि माझ्याकडे बघितलं, दहाव्याला बघितलं होतं तसं.

मला कळेना, हे रोप कोण मागतंय. तुम्ही असाल तर तुम्ही. नसाल तर मी जिची लेक रांधली ती. दोघींचंही मी देणं लागते. मी खाली बसले. वाकून चाळणीच्या भोकातून बघितलं तर ते पोर उभं होतं, बोटभर, टोकाला घट्ट मिटलेला कोंब. माझा हात दगडापर्यंत गेला. तिचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता, गरम.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्ही शैलाताई असलात ना, तरी नाही."

मग शेजारचा आणखी एक दगड उचलला आणि चाळणीवर ठेवला.